उंबरघाटचा उतारा

आमचे दिनूभाऊजी गेल्याची बातमी माझ्याकडे एक बसड्रायव्हर घेऊन आला. सकाळची वेळ होती. बडोद्यात पाणीगेटच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी गवार मोडत होते. माझ्या मुलाची, महेशची, स्टेशनजवळ टूरिस्ट बसची एजन्सी आहे. हा इस्माईल त्याच्याकडचा. उंबरघाटला माणसं घेऊन गेला होता, ती परत आणून सोडली आणि बस तशीच आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी करून आला. पायरी चढला नाही. खालीच उभा राहून म्हणाला, "बा, काका गुजरी गया." मी विचारलं, कधी? म्हणाला, परवा. मी म्हटलं, मग बसमध्ये घालून आणलं का नाहीस? तो खाली बघायला लागला. उंबरघाटच्या लोकांनी त्यांना तिथंच अग्नी दिला होता. तिथल्या फोनची लाइन बंद पडलेली, ऊन मरणाचं, निरोप द्यायचा कसा आणि वाट किती बघायची... त्यांचं काही चुकलं नाही. इस्माईलला मी पाणी दिलं, तो गेला, आणि उरलेली गवार मी मोडून पुरी केली. शेजारच्या कोकिळाबेनना वाटलं असेल, बाईला काही वाटत नाही. वाटायचं ते वाटतच होतं. पण गवार तशीच टाकून काय होणार होतं?

माणूस गेलेला मी डोळ्यांनी पाहिला नाही, ही मात्र अडचण झाली आहे. आमच्या घरात दीर मोठ्या वहिनीसमोर एकदम आत शिरत नसत. दारात थांबून खाकरायचं, वहिनीने 'या' म्हणायचं, मग आत. भाऊजी साठीच्या पुढे गेले, घरात आम्ही दोन-तीनच माणसं उरलो, तरी त्यांनी ही रीत सोडली नाही. त्यात त्यांना बिडीचा खोकला. खाकरणं कोणतं आणि खोकला कोणता, हे फक्त मला ओळखू यायचं. बातमी आली तेव्हापासून दुपारच्या वेळी दारात ते खाकरणं मला ऐकू येतं. खोकला नव्हे, खाकरणं. माझ्या तोंडून 'या' निघून जातं. येत कोणी नाही. म्हातारपणी कान वाजतात, हे मला कळतं. तरी 'या' म्हणायचं मी बंद केलेलं नाही... न म्हणता राहिले आणि ते बाहेरच उभे राहिले तर, असं मनात येतं.

दिनकर म्हणजे माझ्या यजमानांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते आणि माझी शिक्षणाची गाडी चौथीलाच थांबलेली होती. ते मला पेपर मोठ्याने वाचून दाखवत आणि ऐन रंगात आलं की मध्येच थांबून पेपर माझ्या हातात देत. "पुढचं तुम्ही वाचा, वहिनी." मला राग यायचा, पण पुढे काय झालं ते कळायला हवं म्हणून वाचावं लागे. आज मी हे चार शब्द लिहिते आहे, ते त्या रागामुळे. पुढे ते बाजव्याच्या बाजूला एका कारखान्यात लागले. बायको लवकर गेली, मूल नव्हतं, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. मग देशात बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या, टीव्हीवर चॅनल वाढले, आणि कारखान्यांतून माणसं कमी करायचं वारं सुटलं. भाऊजींनी आपणहून निवृत्ती घेतली आणि घरी बसले. कामाची सवय असलेला पुरुष घरी बसला की घराला त्रास. खंडेराव मार्केटला भाजी आणायला पाठवावं तर दुपार करून परत यायचे आणि पिशवीत नुसती कोथिंबीर असायची. "बाकीचं ताजं नव्हतं," म्हणायचे. मी म्हणायचे, "तुम्हाला तरी कुठे ताजं ठेवलंय? घरात बसून सुकायला लागलात."

असेच एकदा कोणाच्या तरी लग्नाला नाशिकला निघाले आणि वाटेत घाटात एसटी बंद पडली. वर उंबरघाट नावाचं गाव होतं. आपल्या हद्दीपलीकडे, नाशिक जिल्ह्याच्या अगदी टोकाला, डोंगराच्या माथ्यावर. एक बाजार, एक शाळा, बाकी साग आणि दगड. तहान लागली म्हणून भाऊजी चालत वर गेले. जमनाबाई नावाच्या बाईने त्यांना झऱ्याचं पाणी पाजलं. लग्न राहिलं बाजूला. हे तिथंच राहिले, आणि परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. "वहिनी, तिथं पाणी दगडातून येतं. आणि एवढं थंड की दात दुखतात." मी म्हटलं, दात दुखले तर त्यात कौतुक कसलं? पण त्यांचं ठरलेलं होतं. जमनाबाईचं एक घर रिकामं होतं, ते त्यांनी भाड्याने घेतलं. बडोद्यातली चार माणसं तिथं न्यायची, जमनाबाईच्या हातची नागलीची भाकरी खायची, तिच्याच गावच्या माणसांनी डोंगर दाखवायचा, आणि गावाला काही न बिघडवता खाली उतरायचं. एवढाच बेत होता.

आता पाटीची गोष्ट सांगते, कारण तिथूनच सगळं आहे. आमच्या बडोद्याच्या मराठीत लग्नाला आलेल्या वऱ्हाडाच्या उतरायच्या जागेला उतारा म्हणतात. गुजराती लोक उतारो म्हणतात, आम्ही उतारा. पुण्याकडे त्याला जानवसा म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. 'मुलाकडच्यांचा उतारा कुठे ठेवलाय' असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. तेव्हा पाहुण्यांच्या घराला नाव काय द्यायचं, हा प्रश्नच नव्हता. भाऊजींनी मांडवीजवळच्या पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. पेंटर गुजराती, त्याने सगळी अक्षरं आधी बोडकी काढली आणि मग वरून एका फटक्यात रेघ ओढली. 'बडोदेकरांचा उतारा'. झोकदार झाली होती, मीही म्हटलं. पाटी बसच्या टपावर बांधून भाऊजी गेले आणि दारावर ठोकून खुर्ची टाकून बसले.

पहिल्या दिवशी आली ती शेतकरी मंडळी. हातात घडी घातलेले कागद. "तलाठी भाऊसाहेब आत हायेत का?" भाऊजींना काही उमजेना. तिकडे उतारा म्हणजे सातबाराचा उतारा! हे सांगून थकले की इथं जमिनीचा कागद मिळत नाही. एक म्हातारा तर चिडून म्हणाला, "मग पाटी कशाला लावलीस रे, चेष्टा करतो का गरिबाची?" भाऊजी हे सांगून सांगून हसायचे आणि आम्हीही हसायचो. पण पुढचं त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. पाटी लागल्यावर गावातल्या बाया त्या घरावरून जाईनाशा झाल्या. पोरं लांबून वळसा घालून शाळेत जायला लागली. शेवटी कोणीतरी पाटी वाचून दाखवल्यावर जमनाबाईच आली. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते. दाराबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "कोणावरून उतरवला?"

"काय?"

"उतारा. कोणाला धरलं होतं? आणि माझ्या घरात का ठेवला? उतारा शिवेबाहेर ठेवायचा असतो."

दहीभात, लिंबू, हळदकुंकू माणसावरून ओवाळून शिवेवर ठेवतात, तो उतारा. ठेवणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं. हे आपल्याकडेही आहे, मला ठाऊक होतं, भाऊजींनाही ठाऊक असणार. पण जो शब्द लग्नघरात ऐकत वाढलो, त्याच्या पोटात दुसरं काही बसलेलं असेल हे कोणाच्या डोक्यात येतं? भाऊजी समजावायला लागले. "जमनाबाई, उतारा म्हणजे माणसं उतरायची जागा." ती म्हणाली, "माणसं उतरतात स्टँडवर. उताऱ्यावर जे येतं ते माणूस नसतं."

भाऊजींनी त्याच दिवशी पाटी काढून सरपणात टाकली. नाव काही निघालं नाही. त्या घराला सगळं गाव उताराच म्हणत राहिलं आणि भाऊजींना उताऱ्यावरचा बडोदेवाला. पण बाया पुन्हा घरावरून जायला लागल्या, जमनाबाईने चूल मांडली, आणि बडोद्यातून माणसं जायला लागली. शाळामास्तर, बँकेतले लोक, निवृत्त जोडपी. आपल्यातली होती तशी गुजराती होती. एका बेनने पोचल्या पोचल्या विचारलं, "दिनूभाई, गीझर नथी?" भाऊजींनी बंब दाखवला. "आहे ने. फक्त पेटवावा लागतो." ती बेन दुसऱ्या दिवशी सकाळी काटक्या गोळा करताना दिसली. पाहुण्यांनी पाणी झऱ्यावरून स्वतः भरून आणायचं, घरात असेल ते खायचं, आणि खाकऱ्याची, शेवेची, गुटख्याची जी काही प्लास्टिकं बरोबर आणली असतील ती परत बडोद्याला न्यायची. मी म्हणायचे, "भाऊजी, लोक देवाला गेले की प्रसाद घेऊन येतात. तुमच्याकडे गेले की कचरा घेऊन येतात." ते म्हणायचे, "ज्याचा त्याचा प्रसाद आहे, वहिनी." एकदा पेपरवाला कोणी तरुण तिथं राहून आला आणि त्याने याला शाश्वत पर्यटन म्हणतात असं छापलं. भाऊजी तो पेपर घेऊन माझ्याकडे आले. "आपण करतो त्याला नाव आहे म्हणे." मी म्हटलं, "तुम्ही नावांपासून जरा लांबच राहा."

मी स्वतः एकदा गेले, दिवाळीनंतर. मला डोंगराचं कौतुक नाही. चढ चढायचा आणि मग उतरायचा, यात मिळवलं काय? पण झरा पाहिला. खडकाला एक कपार आहे, त्यातून पाणी पाझरतं आणि खालच्या कुंडात साठतं. बाया वाटीने भरून कळशीत ओततात. घाई करून चालत नाही. पाणी त्याच्या चालीने येणार. भाऊजी रोज सकाळी तिथं जाऊन बसत. कुंड भरायला किती वेळ लागतो ते बघत आणि त्यावर ठरवत, आता किती माणसं बोलवायची. होळी झाली की बोलावणं बंद. बडोद्यात शाळांना सुट्ट्या लागत, लोक विचारायला येत, सगळे फिरायला जायचे दिवस तेच, आणि यांचं दार तेव्हाच बंद. इतकंच नव्हे, ते स्वतःही खाली यायचे. पाऊस पडेपर्यंत आमच्या मधल्या खोलीत राहायचे. मी म्हटलं, तुम्ही एकटे किती पाणी पिणार? तर म्हणाले, "मी पण एक तोंडच आहे ना. जमनाबाईला शब्द दिलाय, उन्हाळ्यात झरा गावाचा."

महेशला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. माझा मुलगा वाईट नाही, पण त्याला रिकामी बस बघवत नाही. तो म्हणायचा, "काका, सीझनला दुकान बंद करणारा बडोद्यात तुम्हीच एक." भाऊजी म्हणायचे, "दुकान नाही रे ते." महेश म्हणायचा, "तेच तर म्हणतो." मग नाशिकच्या कोणीतरी वर माथ्यावर जागा घेऊन हॉटेल बांधलं. हिरवळ, पोहायचा तलाव, रात्री लायटिंग. जमिनीत खोल बोअर मारली. उंबरघाट हे नाव तोवर बडोद्यात, सुरतेत लोकांना ठाऊक झालेलं होतं, आणि ते कोणामुळे झालं हे सांगायला नको. महेशने मला न सांगता हॉटेलशी बोलणं केलं. स्टेशनजवळ त्याच्या एजन्सीबाहेर उंबरघाटच्या बसचा बोर्ड लागला, तो मला भाजीहून येताना दिसला. मी रिक्षा थांबवून वर गेले आणि सगळ्या माणसांसमोर त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, मी नाही नेलं तर दुसरा नेईल." हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळालं आहे. त्यात खोटं काही नसतं, म्हणूनच त्याचा राग येतो.

गावही एका बाजूला उभं नव्हतं, हे लिहायला हवं, नाहीतर मी भाऊजींचं कौतुक करायला बसले असं होईल. जमनाबाईचा मुलगा हॉटेलात लागला. इस्त्रीचा शर्ट आणि पट्टा, गेटवर उभा. गावातल्या पोरांनी भाऊजींना तोंडावर विचारलं, "तुमच्या पाहुण्यांच्या भाकरी थापून आम्ही किती दिवस काढायचे?" ते बोअरबद्दल बोलायला गेले तर पोरं म्हणाली, "तुम्हाला डोंगर बघायला आवडतो. आम्हाला इथं राहायचंय." खरंच आहे. मग एका वर्षी कुंड होळीच्या आधीच रिकामं पडायला लागलं. बाया वाटी घेऊन बसून राहायच्या आणि शेवटी कळशा घेऊन घाट उतरून खालच्या नदीवर जायच्या. जमनाबाईने भाऊजींना कधी दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "उतारा ठेवला की खायला कोणीतरी येतंच, भाऊ."

ते वाक्य भाऊजींच्या मनात घर करून बसलं. गेल्या उन्हाळ्यात मधल्या खोलीत राहायला आले तेव्हा माणूस निम्मा झालेला होता. जेवायचे नाहीत. मी नळ सोडून भांडी घासायला बसले की मोरीच्या दारात येऊन पाण्याच्या धारेकडे बघत उभे राहायचे. मला कसंतरी व्हायचं. एकदा म्हटलं, "भाऊजी, तिथं उभे राहू नका. भुतासारखे दिसता." ते म्हणाले, "ऐकू येतं का तुम्हाला?" काय, तर म्हणे कुंडावर वाटी घासल्याचा आवाज. रिकाम्या दगडावर वाटी घासली की जसा येतो तसा... मी घासणी खाली ठेवली. मला ऐकू येत नव्हता. आता येतो की नाही, ते मी सांगणार नाही.

पावसाळा लागल्यावर परत निघाले, त्या दिवशीचं बोलणं हे आमचं शेवटचं. पिशवी भरून ओट्यावर बसले होते. आभाळ भरून आलेलं, रिक्षा यायची होती. एकदम म्हणाले, "वहिनी, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारतो. मी त्या गावात गेलोच नसतो, तर?"

"तर काय?"

"तर झरा राहिला असता ना? माझ्यामुळे गेला का?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, छे हो, तुमचा काय दोष, तुमचा हेतू चांगला होता. माझी जीभ तशी वळत नाही. मी म्हटलं, "हो. तुमच्यामुळे गेला. रस्ता तुम्ही दाखवलात. आणि माझ्या पोटच्या पोरामुळे गेला. आणि त्या नाशिकवाल्यामुळे. पण पहिलं पाऊल तुमचं."

ते रडले-बिडले नाहीत. उलट जरा मोकळे झाल्यासारखे दिसले. म्हणाले, "बरं झालं. बाकी सगळे नाही म्हणतात." रिक्षा आली. पिशवी उचलून बसले आणि गेले. मी ते बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला दोघा-तिघांनी नंतर सुचवलं. मला तसं वाटत नाही. विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागतं.

यंदा होळी झाली तरी ते खाली आले नाहीत. मधल्या खोलीत गादी घालून ठेवली होती, पाण्याचा माठ नवा आणला होता. मी फोन लावून पाहिला, लागला नाही. महेशला म्हटलं, इस्माईलला सांग, काकांना घेऊन ये. इस्माईल गेला आणि बातमी घेऊन आला, ते वर सांगितलंच आहे.

दहाव्याला मी वर गेले. महेश येतो म्हणाला, मी नको म्हटलं. इस्माईलच्या बसमध्ये हॉटेलला चाललेल्या माणसांबरोबर बसले. ते अंताक्षरी खेळत होते. घाट लागला तसं बाहेर पाहिलं, तर डोक्यावर कळशा घेऊन बाया पायवाटेने चढत होत्या. बसमधल्या एकाने काच उघडून त्यांचा फोटो काढला. जमनाबाई उताऱ्याच्या दारात बसली होती. मला पाहून उठली नाही, मीही तिच्याशेजारी जाऊन बसले. मग तिनेच सांगितलं. होळीनंतर सगळ्या बाया खाली पाण्याला जायला लागल्या, तर एका सकाळी हा बडोदेवाला पण कळशी घेऊन निघाला. "मी म्हटलं, अरे, तू तुझ्या गावाला जा. तर म्हणाला, या वर्षी नाही जात. म्हटलं, बाप्याने कळशी घेतली तर लोक हसतील. म्हणाला, हसू दे." रोज जायचे. आणलेलं पाणी स्वतःपुरतं ठेवून बाकीचं ज्या म्हाताऱ्यांना खाली उतरवत नाही त्यांच्या दारात ओतायचे. दम लागायचा, वाटेत बसायचे. त्या दिवशी बसले ते उठले नाहीत. मागून येणाऱ्या बायांना वाटलं, आहे आपला बसलेला, दम खातोय. त्यांना ओलांडून दोघी पुढेही गेल्या...

जमनाबाईचं सांगून झालं. मला एकच विचारायचं होतं. मी विचारलं, "गावाचा राग आहे का त्यांच्यावर?" ती म्हणाली, "गावाचं मी कसं सांगू, बाई. गावात चाळीस तोंडं." आणि आत चहा करायला गेली.

मी घराच्या मागच्या बाजूला गेले. तिथं न्हाणीचा दगड आहे. पाहुणे त्यावर आंघोळ करायचे आणि ते पाणी खालच्या अळवाच्या वाफ्यात जायचं. पाहुणे होळीलाच बंद झालेले. न्हाणी कोरडी ठाक, दगडावर धूळ, पालीची शेपटी. आजूबाजूचं गवतही जळून गेलेलं. आणि अळू हिरवंगार. पानं माझ्या हाताएवढी, देठ काळे, तजेलदार. मला आधी वाटलं, ऊन लागलं, भलतंच दिसतंय. खाली बसून मातीत बोटं घातली. माती ओली होती. त्याच सकाळची ओली. जमनाबाई चहा घेऊन आली, मी विचारलं, "तू घालतेस का पाणी?" ती म्हणाली, "मला प्यायला नाही, अळवाला कुठून घालू?" मग तीही खाली वाकली, मातीला हात लावला आणि हात पदराला पुसत राहिली. कुंपणापलीकडून बाया कळशा घेऊन घराघरांत शिरत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घाट चढून आणलेलं पाणी त्या दिवसांत उंबरघाटात कोणी उगाच ओतत नाही. कोण ओततं आणि कशासाठी, हे मी विचारत फिरले नाही. विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ज्याने त्याने ते आपल्या पद्धतीने दिलेलं असतं.

निघताना जमनाबाईने पानांची जुडी कापून माझ्या पिशवीत कोंबली. घरी आल्यावर मी बेसन कालवलं, चिंच-गूळ घातला, पानांना लावून वळकट्या केल्या, उकडल्या, कापून तळल्या. आमच्याकडे अळुवडीला सगळे पातराच म्हणतात. संध्याकाळी महेश एजन्सीतून आला, हात धुतले आणि थाळीतला तुकडा उचलून तोंडात टाकला. दुसरा खाल्ला. मग घशाला हात लावला.

"आई, हे पान खाजरं आहे गं. कुठून आणलंस?"

"काकांच्या वाफ्यातलं."

त्याचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला, तांब्या मी बाजूला सरकवला.

"चिंच कमी पडली का?"

"चिंच नेहमीएवढीच आहे," मी म्हटलं. "खाजू दे."